बेचाळिसाव्या दिवशी जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कात्रण वाचलं. ‘महाआरोग्य शिबिरात 412 जणांची तपासणी’ असा मथळा, खाली दीपप्रज्वलनाचा फोटो, पाहुण्यांची नावं ओळीने आणि शेवटी आभार कोणी मानले तेही. पहिली बातमी नावासकट छापून आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘ताई, खरं सांगा, कशी झालीय?’ असं तू विचारलंस, म्हणून खरं सांगते. त्या बातमीत 412 पैकी एकही माणूस नाही. बीपी कोणाचं वाढलेलं निघालं, गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, त्या संपल्यावर तो माणूस कुठे जाणार, यातलं काहीच सापडत नाही. तू मंडपात दिवसभर होतास, पण स्टेजकडे तोंड करून बसला होतास.

वाईट वाटून घेऊ नकोस. पहिली आठ-नऊ वर्षं मीही असंच लिहिलं. मला बातमीदारी नीट शिकवली ती एका आशाताईने.

तू गडचिरोली जिल्ह्यात काम करणार आहेस, तर हे तुला ठाऊक हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 पासून इथल्या 39 गावांत, गावातल्याच बायकांना हाताशी धरून, नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या गावांशी तुलना करता, तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 मध्ये हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. बाळ दवाखान्यात जन्मलं तर आशाने त्याच्या घरी सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच जन्मलं तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचे मिळून तेव्हा 250 रुपये ठरले होते.

मी अशा एका सातव्या दिवसाच्या भेटीला सोबत गेले होते. आशाताईने आधी कोपरापर्यंत हात धुतले, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन केलं, काखेत थर्मामीटर धरला. मग अंगावरचं फडकं बाजूला करून त्याच्या पोटाकडे बघत श्वास मोजायला लागली. समोर घड्याळ. मध्येच सासू काही बोलली. आशाताईने हात वर करून तिला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. या बाळाचे कमी होते. तिने आकडा फॉर्मवर लिहिला, पेन टोपण लावून पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, लेकरू तर ठणठणीत दिसत होतं, दुसऱ्यांदा कशाला मोजलंस? ती म्हणाली, “मधात चुकलं होतं ना जी. चुकलेलं कसं लिवू?”

त्या दिवसापासून मी वहीत शिबिराची तारीख लिहिली की तिच्या पुढे सातवा आणि बेचाळिसावा दिवस कोणता येतो, तेही लिहून ठेवते. त्या दिवशी त्याच गावात जाते. मंडप निघालेला असतो, बॅनर कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेलेलं असतं, आणि लोक मोकळेपणाने बोलतात. चष्म्याचा नंबर काढला, चष्मा आला का? मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं, त्या आजीला ऑपरेशनला न्यायला गाडी आली का? गाडी आली तर सोबत कोण गेलं? तुझ्या 412 जणांची बातमी तिथे आहे.

पण मी हे आशाताईकडून शिकले त्याच्या आधी माझ्या हातून एक चूक झाली. ती तुला सांगायलाच हवी, कारण उद्या तुझ्या हातूनही होऊ शकते.

सिकलसेलची तपासणी होती. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली, पोरंपोरी रांगेत, लॅबवाला बोटाला टोचून रक्त घेत होता. एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा मी फोटो काढला. बोट पुढे, चेहरा दुसरीकडे वळवलेला, डोळे मिटलेले. फोटो फार छान आला होता. नंतर रिपोर्ट कळले, त्यात ती ‘एएस’ निघाली. मी फोटोखाली तिचं नाव, गाव घालून लिहिलं: ‘सिकलसेलग्रस्त युवती’. पेपरने तो तीन कॉलमात छापला.

एएस म्हणजे वाहक. आईबापांपैकी एकाकडून दोषी जनुक आलेला, दुसऱ्याकडून चांगला. असा माणूस आजारी नसतो. शेतात राबतो, शिकतो, म्हातारा होतो. आजार असतो तो ‘एसएस’ला, ज्याला दोन्हीकडून दोषी जनुक मिळाला. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं-सांधे असे दुखतात की माणूस खाटेवर गडबडा लोळतो. थंडीत, तापात, पाणी कमी पडलं की हे वाढतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर खेपेला चारात एक शक्यता बाळ एसएस असण्याची. म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासणी करावी, एवढंच अभियानाचं सांगणं. हे सगळं त्या सकाळी डॉक्टरांनी माईकवरून सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. तरी लिहिताना ‘वाहक’ हा शब्द मला मिळमिळीत वाटला आणि मी ‘ग्रस्त’ लिहिलं.

महिन्या-दीड महिन्याने दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेले तेव्हा तिची आई भेटली. भांडली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, “बाई, तुमी माज्या पोरीले रोगी म्हणून लिवलं जी. तिले तं कधी तापबी नाही येत.” मुलीची सोयरीक ठरत आली होती. मुलाकडच्यांनी कात्रण दाखवून नकार कळवला होता. तो मुलगा वाहक आहे की नाही, हे कोणी विचारलंच नव्हतं. तो नसता तर त्या दोघांच्या एकाही लेकराला हा आजार होण्याचा प्रश्न नव्हता.

मी शुद्धिपत्र छापून आणलं. आतल्या पानावर, चार ओळी. त्या गावात ते कोणी वाचलं नाही. मग वाहक म्हणजे काय, यावर नाव-गाव न घेता मोठा लेख लिहिला आणि ग्रामसभेत वाचून दाखवला. लोकांनी ऐकून घेतला. तुटलेली सोयरीक जुळली नाही. त्या घरी मी अजूनही जाते. आई पाणी देते, पण पूर्वीसारखी बसून बोलत नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

म्हणून तुला माझी सक्त ताकीद आहे. रिपोर्ट ही त्या माणसाची मालमत्ता आहे. टीबी, सिकलसेल, कुष्ठरोग, गर्भपात, मनाचे आजार, यांत चेहरा नको, नाव नको, आणि ‘तालुक्यातल्या अमुक गावातली विधवा’ असंही नको, कारण दोनशे घरांच्या गावात तेवढ्यावरून कोण ते सगळ्यांना कळतं. माणूस स्वतःहून हो म्हणाला तरी एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी घरच्यांसमोर छापल्यावर काय काय होऊ शकतं ते सांग आणि पुन्हा विचार.

आता हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर इकडे ही मोहीम तुला करावीच लागेल. पाय सुजलेला माणूस दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. जंतू अंगात शिरून वर्षं लोटलेली असतात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून नमुने घ्यायला कर्मचारी रात्री साडेआठनंतर टॉर्च घेऊन गावात येतात. एकदा तरी त्यांच्यासोबत फिर. सूज आलेली नसतानाही अंगात जंतू असू शकतात, म्हणूनच गोळ्या सगळ्यांना देतात: डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनही. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळून. उपाशीपोटी द्यायच्या नाहीत.

एका वर्षी एका शाळेत गोळ्या घेतल्यावर सात-आठ पोरांना उलट्या झाल्या, चक्कर आली. गावभर व्हिडिओ फिरले. संध्याकाळी डेस्कवरून फोन: ‘गोळ्यांमधून विषबाधा’ घेऊ का? मी म्हटलं, एक तास द्या. दवाखान्यात गेले, पोरं सलाईन लावून बसली होती, गप्पा मारत होती. प्रत्येकाला विचारलं, सकाळी काय खाल्लं? बहुतेकांनी काहीच खाल्लं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं कारणही सांगितलं: ज्याच्या रक्तात जंतू असतात त्याला गोळीने ते मरताना ताप, डोकेदुखी, मळमळ होते आणि ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. मी दोन्ही लिहिलं. पोरांना त्रास झाला हे पहिल्या ओळीत, आणि उपाशीपोटी गोळ्या का दिल्या हा प्रश्न दुसऱ्या ओळीत. काहीही लपवायचं नाही. लपवलंस की लोक व्हिडिओवरच विश्वास ठेवतात. पण ‘विषबाधा’ हा शब्द मी लिहिला असता तर शेजारच्या वीस गावांत आशाताईंसाठी दारं बंद झाली असती.

याच मोहिमेत आणखी एक गोष्ट शिकशील. वाटलेल्या गोळ्या आणि पोटात गेलेल्या गोळ्या हे दोन वेगळे आकडे आहेत. प्रेसनोटमध्ये पहिला येतो. गोळी समोर खायला लावायची असा नियम आहे, पण माणूस कामाला गेलेला असतो, बायको म्हणते ठेवून जा, संध्याकाळी खातील. सातव्या दिवशी घरात जा आणि नुसतं विचार, ‘गोळ्या आहेत का घरी?’ देव्हाऱ्यात, फडताळात, बांगड्यांच्या डब्यात सापडतात. त्यात आशाताईचा दोष नसतो; एका दिवसात तिने किती घरं करायची, ते तिलाच विचारून लिही.

यवतमाळची 2017 ची फवारणी तू शाळेत असताना झाली. त्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना त्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, औषध अंगावर परत येत होतं. तिथे मी पाहिलं की मृत्यूचे आकडे रोज सगळ्यांनी छापले, पण जे घरी परतले त्यांच्याकडे फारसं कोणी गेलं नाही. कोणाला धूसर दिसत होतं, कोणाचे हात थरथरत होते, आणि जो रोजमजुरीने फवारायला गेला होता त्याच्या नावावर सातबारा नव्हता, मग शेतकरी म्हणून मदत मागायची कशाच्या आधारावर? ही माणसं बेचाळिसाव्या दिवशीच भेटतात. आणि एक कामाची गोष्ट प्रत्येक हंगामात छापत जा: डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, लाळ गळणं, घाम फुटणं, बाहुल्या बारीक होणं ही लक्षणं, आणि दवाखान्यात नेताना डबा सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरला कशाची बाधा ते कळतं.

किरकोळ सूचना भराभर सांगते. बायकांशी बोलायला आशाताई किंवा सिस्टर सोबत असल्याशिवाय जाऊ नकोस. ‘ॲनिमिया’ लिहू नको, ‘रक्त कमी’ लिही. खर्ऱ्यावरच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या व्यसनावरच्या, कार्यक्रमात भाषणं ऐकत बसण्यापेक्षा पोरांना विचार, तोंडात तीन बोटं उभी जातात का. जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. ज्याची जात नाहीत त्याला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे उभं कर, बातमी नंतर. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, हे रुग्णांच्या कित्येक घरी माहीत नाही. प्रमाणपत्र कुठे काढायचं ते चौकटीत दे, दर सहा महिन्यांनी दे. संपादक जुनी बातमी म्हणतील. माझं नाव सांग.

तुझं पुढचं शिबिर 19 जूनला आहे म्हणालास, सिकलसेल दिनाचं. मी मोजून पाहिलं, बेचाळिसावा दिवस 31 जुलैला येतो. तेव्हा भाताची रोवणी ऐन भरात असेल, सकाळी सात वाजल्यानंतर घरात म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी सापडणार नाही. आदल्या रात्री त्या गावात मुक्कामाला जा, आशाताईला आधी फोन कर. रेनकोट ने, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. कॅमेरा घरी राहिला तरी चालेल.

तुझी,
ताई