युद्धानंतर ब्रिटिश सरकारनं डिझाइन आणि फॅशनवर काढलेले लघुपट आज पाहण्यासारखे आहेत का?

तुमचा प्रश्न असा, की दुसऱ्या महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कर्जबाजारी सरकारला खुर्च्या, कपबश्या आणि झगे यांवर लघुपट काढायचं काय पडलं होतं, आणि आज ते बघण्यात काही राम आहे का.

आहे. मी शिंप्याच्या घरातला, त्यामुळे या विषयाकडे कपड्याच्या बाजूनं आलो, हे आधीच सांगतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये 'डिझाइन फॉर टुडे' नावाचा डीव्हीडी संच काढला. त्यात सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन या सरकारी प्रसिद्धी खात्याचे (स्थापना १९४६) लघुपट आहेत. आपल्याकडे थिएटरात मुख्य सिनेमाआधी 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' लागायची आणि लोक तेवढ्यात बाहेर जाऊन वडा खाऊन यायचे, त्याच जातीचा हा माल. हेही बरेचदा फिरत्या गाडीतून प्रोजेक्टर नेऊन गावच्या सभागृहात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, महिला मंडळात फुकट दाखवत.

खरी गंमत काळ लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. १९४६ च्या सप्टेंबरात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 'ब्रिटन कॅन मेक इट' हे प्रदर्शन भरलं. भरवलं होतं सरकारनंच १९४४ साली काढलेल्या औद्योगिक डिझाइनच्या परिषदेनं. चौदा लाखांवर लोकांनी रांगा लावून ते पाहिलं. पण वस्तूंवर चिठ्ठ्या होत्या: 'आत्ता', 'लवकरच', 'नंतर'. आणि बरंचसं 'नंतर'च. लोकांनी लगेच नाव बदलून टाकलं, 'ब्रिटन कान्ट हॅव इट', म्हणजे बनवतो आम्ही, मिळत मात्र नाही. फुलापानांची नक्षी असलेली चिनी मातीची भांडी १९५२ पर्यंत परदेशी पाठवायची, घरच्या गिऱ्हाइकाला साधी पांढरी. नक्षीचं काही हाती लागलंच, तर निर्यातीत नापास झालेलं.

कारण सरळ होतं, डॉलर हवे होते. १९४६ मध्ये ब्रिटननं अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं होतं. ते फेडायचं तर कापड, मातीची भांडी, लोकर असं सगळं बाहेर विकायला हवं, आणि बाहेर विकायचं तर ते दिसायला चांगलं हवं. कारखानदाराला चांगलं बनवायला लावायचं असेल, तर घरातल्या बाईनंही चांगलं मागायला हवं, असा सरकारचा हिशोब. म्हणून मग तिला शिकवायला लघुपट.

१९४८ च्या सुमाराचा 'डिझायनिंग विमेन' त्यातला सगळ्यात बोलका. नवविवाहित जोडपं, रिकामं घर, आणि तिथं अवतरणाऱ्या दोन बायका: एक कलेचं खूळ डोक्यात घेतलेली, दुसरी साक्षात 'डिझाइन'. पुढे विनोदी अभिनेत्री म्हणून गाजलेली जॉइस ग्रेनफेल यात आहे आणि मला विचाराल तर सगळी मजा तिचीच. शहाणी डिझाइनबाई जे सांगते ते पटतं, पण तिच्यासोबत चहा प्यायला बसावंसं वाटत नाही. सरकारी सुरुचीचं नेहमीच असं होतं. आणि पडद्यावरच्या त्या सुबक खुर्चीकडे बघणारी खरी बाई त्या वेळी रेशनवरच्या 'युटिलिटी' फर्निचरमधून, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या साध्या, काटकसरीच्या नमुन्यांतून काय मिळेल ते घेत होती. ती योजना १९५२ पर्यंत चालली.

कपड्यांची कथा तर याहून तिखट. १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपनं लागली, पहिल्या वर्षी माणशी ६६. ती थेट मार्च १९४९ मध्ये उठली. युद्धात पुरुषांच्या पँटीच्या मोहरीला बाहेरून दुमड घ्यायलाही बंदी होती, कापड वाचावं म्हणून. हे मी आमच्या अण्णांना सांगितलं, तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, "गिऱ्हाईक ऐकतंय होय! लांब पँट घेऊन घरी दुमडून घेत असणार." तंतोतंत तसंच झालं होतं. अशा देशात १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसहून क्रिस्तियाँ दिओर या फॅशन डिझायनरचे वारेमाप कापड उधळणारे घेरदार झगे आले. लंडनच्या मंत्र्यांनी नाकं मुरडली आणि बायकांनी पडद्याच्या कापडातूनसुद्धा घेर काढला.

साठच्या दशकात सूर पार बदलतो. आता शिकवणं संपलं, विकणं सुरू. १९६५ चा 'डिझाइन फॉर टुडे' (संचाचं नाव तेच, पण हा एकटा लघुपट) ह्यू हडसननं केला, तोच पुढे 'चॅरियट्स ऑफ फायर'चा दिग्दर्शक झाला. १९६८ च्या एका लघुपटाचं नावच 'मिनीस्कर्ट्स मेक मनी'. सरकारी खात्यानं एवढं उघड बोलावं, याचं मला कौतुक वाटतं. १९८१ मध्ये पीटर ग्रीनवे, जो या खात्यात वर्षानुवर्षं एडिटर होता, त्यानं झँड्रा ऱ्होड्सवर लघुपट केला. कापडावर छपाई करणारी ही गुलाबी केसांची बाई १९८७ मध्ये स्वतः डिझाइन केलेल्या साड्या घेऊन भारतात आली होती.

माझं ऐकाल तर सगळा संच एका बैठकीत संपवू नका, निवेदकाच्या आवाजानं डोकं उठतं. आधी 'डिझायनिंग विमेन' बघा आणि लगेच त्यामागोमाग झँड्रा ऱ्होड्सवाला. पहिल्यात माणसं काय म्हणतायत याच्याकडे थोडं दुर्लक्ष करून मागचं सामान बघा. दुसऱ्यात नजर कापडावर ठेवा. मी तो आवाज बंद करून दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा अण्णाही शेजारी येऊन बसले होते आणि शिलाई कुठून उलगडता येईल ते बोट दाखवून सांगत होते.