सिट्रोएन झँटियाचा मागचा सस्पेन्शनचा गोळा गंजून जाम झालाय, घरीच बदलता येईल का? पान्याला लांब पाइप लावून जोर देऊन बघणार आहे.

येतो बदलता. मी इथे इंग्लंडमध्ये घरासमोरच माझ्या झँटियाचे मागचे दोन्ही गोळे बदललेत आणि डावीकडचा तुमच्यासारखाच अजिबात हलत नव्हता. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर मागे उडत राहतं आणि गोळा तिथे खालीच आडवा बसवलेला, त्यामुळे आटे गंजून धरतात.

पण तुम्ही लिहिलंय की पान्याला लांब पाइप लावून जोर देऊन बघणार आहात, ते प्लीज आत्ता करू नका. हा गोळा या गाडीत स्प्रिंगचं काम करतो, त्यात एका बाजूला नायट्रोजन, मधे रबरी पडदा आणि दुसऱ्या बाजूला हिरवं एलएचएम (सस्पेन्शनचं हायड्रॉलिक तेल) असतं, आणि सिस्टीमचं प्रेशर १५० बारच्या आसपास, टायरमध्ये आपण जेमतेम सव्वादोन-अडीच भरतो यावरून अंदाज करा. ते प्रेशर उतरवल्याशिवाय गोळ्याला हात लावायचा नाही.

मी असं केलं. सपाट जागा, पुढच्या चाकांना ठोकळे (हँडब्रेकही पुढच्याच चाकांवर असतो, त्यामुळे मागचं उचलताना बरं पडतं), इंजिन चालू ठेवून गाडीची उंची कमी-जास्त करायचा लिव्हर सगळ्यात वर, मग बॉडीच्या जॅकिंग पॉइंटखाली दोन भक्कम स्टँड आणि मग इंजिन चालू असतानाच लिव्हर सगळ्यात खाली. ज्या झँटियाला अँटी-सिंक (बंद गाडी आपोआप खाली बसू न देणारी सोय) आहे तिचं प्रेशर नुसतं इंजिन बंद करून जात नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. गाडी स्टँडवर बसली की इंजिन बंद करून प्रेशर रेग्युलेटरवरचा १२ मिमीचा स्क्रू एक फेरा सैल करायचा, तेल टाकीकडे परत जाताना सुस्कारल्यासारखा आवाज येतो. स्क्रू पूर्ण काढू नका, त्याच्या मागे बारीक गोळी असते, पडली तर सापडत नाही.

आता जाम झालेल्याचं. वायर ब्रशने आट्यांच्या भोवतीचा गंज साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. मला दोन दिवस लागले आणि घाई केली नाही याचं समाधान आहे. मग चेन रेंच (साखळीचा पाना) लावायचा, पण एक गोष्ट कुणी मला आधी सांगितली नव्हती, गोळ्याबरोबर तो ज्यावर बसवलेला असतो तो सिलिंडरही फिरायला लागतो आणि त्याला जोडलेला पातळ पाइप पिळवटतो, माझा जवळजवळ मोडलाच होता. म्हणून दुसऱ्या पान्याने सिलिंडर धरून ठेवा. झटके न देता सलग जोर द्या. गॅसची ज्योत, ग्राइंडर, ड्रिल काहीच नाही, आत गॅस दाबून भरलेला आहे. छिन्नीने ठोकूनही काढतात काहीजण, मी तुम्हाला ते सांगणार नाही. आणि अर्धा फेरा फिरल्यावरही जड जात असेल तर आत प्रेशर शिल्लक आहे असंच समजा आणि थांबा, मोकळा झालेला गोळा हाताने फिरतो.

खाली ट्रे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, थोडं तेल सांडतंच. जुनं सील आत चिकटून राहिलंय का बघा, बसायची जागा पुसून घ्या, नवीन सील एलएचएममध्ये बुडवून बसवा आणि नवीन गोळा फक्त हाताने घट्ट करा, पाना नको, नाहीतर पुढच्या वेळी परत हीच पंचाईत. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

तेल भरताना फक्त एलएचएम, नेहमीचं ब्रेक ऑइल गेलं तर सगळी सीलं खराब होतात, आणि झँटियात ब्रेकही याच तेलावर चालतात हे लक्षात ठेवा. इंजिन चालू करून मिनिटभराने स्क्रू बंद करा, स्टँड काढल्यावर लिव्हर वर-खाली चार-पाच वेळा करून हवा निघू द्या, लिव्हर वरच असताना एलएचएमच्या टाकीची पातळी बघा. स्टॉपचा लाल दिवा विझून पेडल नीट लागेपर्यंत गाडी जागची हलवू नका. जुना गोळा भंगारात देताना आत गॅस आहे हे नक्की सांगा.