वडील एमएसईबीतून निवृत्त झालेत, सिएटलला आलेत. त्यांना आणि आठ वर्षांच्या मुलाला बेलिंगहॅमचं स्पार्क म्युझियम दाखवायला न्यावं का?

न्याच. मुलासाठी म्हणून निघालात तरी जास्त रमतील ते तुमचे वडील.

विजेच्या आणि रेडिओच्या जुन्या वस्तू बघायला दीड तास गाडी हाकायची का, ही शंका रास्त आहे. म्युझियम मोठं नाही. स्मिथसोनियनसारखं काही डोक्यात घेऊन गेलात तर हिरमोड होईल. बे स्ट्रीटवरची एक इमारत, हौशी संग्राहकांनी उभी केलेली आणि बरीचशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी. पूर्वी त्याच्या नावातच रेडिओ होता, आणि माझ्या मते खरा खजिना अजूनही तोच आहे.

गर्दी मात्र होते ती मेगाझॅपरच्या शोला. प्रचंड टेस्ला कॉइल, म्हणजे कृत्रिम वीज कडाडवणारं तारेचं वेटोळं, कानठळ्या बसवणारा कडकडाट, जांभळ्या ठिणग्या, आणि त्या ज्यावर आदळतात त्या धातूच्या पिंजऱ्यात आरामात बसलेला माणूस. फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये असाच पिंजरा बांधून स्वतः आत बसून खात्री केली होती: वीज बाहेरच्या बाहेर जाते, आतल्याला काही होत नाही. मुलगा खूश होणारच. पण शो संपला की अर्धे लोक पार्किंगकडे वळतात, तसं करू नका.

आधी लेडन जारच्या कपाटापाशी थांबा. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा, झाकणातून वर आलेली पितळी दांडी, तिच्या टोकाला गोळा. वीज साठवायची बरणी, बस, एवढंच. १७४६ मध्ये लायडन शहरातल्या मुशेनब्रूक या प्राध्यापकाला असल्या बरणीच्या पहिल्या अवताराचा असा झटका बसला की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलंत तरी पुन्हा हात लावणार नाही, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्र्याने राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि बरणीतली वीज त्यांच्यातून मोकळी केली. सगळे एकदम उडाले, राजाची करमणूक झाली! पंखा मंदावला की आपण जो कंडेन्सर बदलतो, त्याचा हा मूळ पुरुष. हे वडिलांनाच सांगू द्या, ते तुमच्या-माझ्यापेक्षा नीट सांगतील.

दुसरी जागा टायटॅनिकच्या वायरलेस खोलीची. प्रतिकृती आहे, पण तिथे उभं राहिल्यावर त्या रात्रीचा घोळ समजतो. फिलिप्स आणि ब्राइड हे दोन ऑपरेटर मार्कोनी या वायरलेस कंपनीचे नोकर. प्रवाशांच्या खासगी तारा पाठवणं हा त्यांचा मुख्य धंदा, आणि त्या दिवशी तारा तुंबल्या होत्या. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाचा इशारा दिला. तेव्हाचे ठिणगीवर चालणारे ट्रान्समीटर आजच्या रेडिओ स्टेशनांसारखे लहरींच्या एका बारीक पट्टीत बसत नसत, त्यामुळे जवळचा संदेश थेट कानात आदळायचा. फिलिप्सने वैतागून त्याला गप्प बस म्हणून कळवलं. थोड्या वेळाने तिकडचा ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला आणि रात्री ११:४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. मदतीची हाक ऐकायला सर्वांत जवळचं जहाज जागंच नव्हतं. फिलिप्स वाचला नाही, ब्राइड वाचला. जहाजावर चोवीस तास कुणीतरी ऐकत बसलंच पाहिजे हा नियम त्यानंतर आला. ज्यांनी सबस्टेशनवर रात्रपाळ्या केल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रेडिओचा शोध ज्याच्या नावावर सांगतात त्या मार्कोनीचा विषय निघालाच आहे, तर नातवाला जगदीशचंद्र बोसांचंही सांगा. १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी तार न जोडता लांबची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती.

व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या रांगा शेवटी ठेवा, कारण तिथून वडील लवकर हलणार नाहीत. रेडिओ तापेपर्यंत वाट बघणं, पोस्टात जाऊन लायसन्स भरणं, सगळं निघेल. थेरेमिनही आहे. हात न लावता हवेत हलवून वाजवायचं वाद्य. माझ्या हातून त्यातून मांजराच्या भांडणाखेरीज काही निघालं नाही.

आता कामाचं. म्युझियम सगळे दिवस उघडं नसतं आणि शो रोज नसतो, वेळा त्यांच्या साइटवर बघूनच निघा. वडिलांना पेसमेकर असेल तर शोला बसवू नका. मुलगा आवाजाला घाबरत असेल तर मागे बसा. बेलिंगहॅमपासून कॅनडाची हद्द अगदी जवळ आहे, ‘आलोच आहोत तर व्हँकूवर’ हा मोह होतो. वडिलांकडे कॅनडाचा व्हिसा नसेल तर त्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा परत येताना चकनट ड्राइव्ह घ्या. रस्ता वळणावळणाचा आहे, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, वडिलांना पुढच्या सीटवर बसवा.