उत्तराखंडच्या खेड्यात जाऊन शेती केली तर दोघांचं भागेल का?

दोघांचं म्हणजे तुमचं आणि बायकोचं ना? मग आधी तिला विचारलंत का? कारण पहाडात शेती बायकाच करतात. मी मूळची पाटणची, लग्न करून अल्मोडा जिल्ह्यातल्या गावात आले. शेणखताच्या टोपल्या डोक्यावरून वाहणं, मडुवा म्हणजे आपली नाचणी खुरपणं, बांजाच्या (ओकच्या) रानातून चारा आणणं, सगळं बायकांकडे. नांगर तेवढा पुरुषांनी धरायचा, बाईने धरला तर अपशकुन.

पण पुरुष तर दिल्ली-हल्द्वानीला! बैल विकले गेले, मजुरीवर नांगरणारा हलिया ऐन पेरणीत मिळेना. चकबंदी म्हणजे विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालेलं नाही, त्यामुळे एक शेत वर देवळापाशी तर दुसरं खाली गधेऱ्याला, म्हणजे ओढ्याला. ट्रॅक्टर विसराच. शेवटी पॉवर वीडर, म्हणजे हाताने धरून चालवायचं छोटं नांगरणी यंत्र, घेतला आणि नवरा नोकरीवर, म्हणून मीच चालवला. शेताची पायरीसारखी पट्टी इतकी अरुंद की टोकाला यंत्र वळत नाही, उचलून फिरवावं लागतं. बांधाचा दगड निसटला तर यंत्रासकट खालच्या शेतात. सासूबाई काठावर उभ्या. बोलल्या काहीच नाहीत, मडुव्याचं बी ओटीत घेऊन मागून फोकायला लागल्या. दीर मात्र दिल्लीहून फोनवर, 'भाभी, हमारे यहाँ औरतें हल नहीं चलातीं.' मग या की भाऊजी, तुम्ही चालवा!

तर, भागेल का? घरचं धान्य, गहत (कुळीथ), भट्ट (काळं सोयाबीन), राजमा निघतो. हातात रोख पैसा खेळत नाही. दिवसा माकडं, रात्री रानडुकरं. बटाट्याचं शेत एका रात्रीत उकरतात. हळद-मिरचीला माकडं तोंड लावत नाहीत, ती करा. आमच्या गावातली घरं पेन्शनवर नाहीतर बाहेरून येणाऱ्या पैशावर चालतात. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या हर्सिलकडच्या सफरचंदवाल्यांचा हिशोब वेगळा, तो मला विचारू नका.

आणि हो, २०२५च्या कायद्यानंतर हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकी ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही. घरापुरती २५० चौरस मीटर मिळते. कुणाची शेती कसायला मिळाली तर करारावर बायकोचं नाव आधी घाला. इथे २०२१पासून नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायकोला सहखातेदार होण्याचा हक्क आहे. आमच्या घरी तो विषय काढला की भाऊजींच्या फोनची रेंज जाते.