ला क्लुसाझ नव्हे, ला क्लूझा

प्रश्न असा आला आहे: 'स्कीइंगच्या बातम्यांत "ला क्लुसाझ हे फ्रान्समधलं शहर" असं येतं. हा उच्चार बरोबर आहे का? नावाचा अर्थ "खिंड" असा एका ठिकाणी वाचला, तो खरा का? आणि शहर, नगरपालिका म्हणायचं तर लोकसंख्या जेमतेम 1,700 कशी?'

उच्चार साफ चुकीचा. गंमत म्हणजे जिथे झ हवा तिथे स म्हणतात आणि जिथे काहीच नको तिथे झ लावतात. फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मधला एस हा 'झाड'मधल्या झसारखा वाचायचा आणि या भागातल्या अशा नावांच्या शेवटचा झेड अजिबात वाचायचा नाही. म्हणून ला क्लूझा. मूळ बोलीत आघात 'क्लू'वर, शेवटचा 'आ' ओझरता. क्लूमधला ऊ ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यासारखा आहे. तो मराठीत लिहिता येत नाही, त्यामुळे 'क्लू'वर भागवावं.

हा मुका झेड आला कुठून? या भागाची, म्हणजे आल्प्समधल्या सव्हॉय प्रांताची, मूळ बोली फ्रँको-प्रोव्हेन्साल. तिच्यात शब्दाच्या शेवटी आघात नसलेला 'आ' टिकून राहिला, फ्रेंचमध्ये तो झिजून गेला. सव्हॉयच्या कारकुनांना दप्तरात गावाचं नाव लिहिताना 'हा आ आहे, पण त्यावर जोर देऊ नका' हे दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी पुढे झेड जोडला. आपल्याकडे 1962 पर्यंत 'नांव', 'कांही' यांच्या डोक्यावर बसलेल्या अनुच्चारित अनुस्वाराचीच ही जात. फरक इतकाच की आपण तो काढून टाकला, त्यांनी पाट्यांवर कोरून ठेवला.

काही विद्वान म्हणतात, हा झेड म्हणजे लेखणीचा शेवटचा फराटा, त्यात अर्थ शोधू नये. मला हे कारण आळशीपणाचं वाटतं. नुसता फराटाच असता तर तो नॉर्मंडीतल्या गावांनाही लागला असता. पण तो सव्हॉय, इटलीतलं आओस्ता, स्वित्झर्लंडमधले व्हाले आणि व्हो अशा नेमक्या त्याच बोलीच्या पट्ट्यात थव्याने सापडतो. फराट्याला बोलीची हद्द कशी कळली? आव्होरिया आणि ला फोर्क्ला या तिथल्याच नावांच्या शेवटीही हाच झेड आहे. शामोनीच्या शेवटचा एक्स त्याचाच मुका भाऊबंद.

आता अर्थ. 'खिंड' लिहिणाऱ्याने नकाशा उघडलाच नसावा. लॅटिनमध्ये क्लाउडेरे म्हणजे बंद करणं. त्यापासून क्लूसा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आवळलेली जागा. त्याला मराठीत घळ म्हणतात. खिंडीतून डोंगर ओलांडतात, घळीतून पाणी डोंगर कापून जातं. फ्रेंच भूगोलात 'क्लूझ' ही संज्ञा याच अर्थाने रूढ आहे: डोंगराच्या घडीला आडवी छेदणारी नदीची दरी. गाव सुमारे 1,040 मीटरवर, पाठीशी आराव्ही पर्वताची भिंत, आणि नों नावाचा ओढा तिथून खाली उतरून तोन गावापाशी फिएर नदीला मिळतो. नाव पडलं ते या ओढ्याच्या आवळलेल्या वाटेवरून.

खिंड हवीच असेल तर ती वर आहे, कोल दे आराव्ही, 1,486 मीटर. खिंडीला तिथल्या बोलीत शब्दही वेगळा: फोर्क्ला, लॅटिन फुर्कुला, म्हणजे छोटा दुबेळका. स्वित्झर्लंडमधलं मार्तिनी आणि फ्रान्समधलं शामोनी यांच्या वाटेवर 'कोल द ला फोर्क्ला' आहे. कोल म्हणजेही खिंडच, म्हणजे शब्दशः 'खिंडीची खिंड'. जुना शब्द कळेनासा झाला की लोक त्याला नवा शब्द चिकटवतात.

राहिलं शहर आणि नगरपालिका. दोन्ही नकोत. फ्रान्समध्ये ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद नाही. लिऑनसारखं मोठं शहर असो की शंभर वस्तीचा पाडा, दोन्ही कम्यूनच; महापौर आणि परिषद दोघांनाही. अशा सुमारे 35,000 कम्यून आहेत. म्हणून 'कम्यून' असंच लिहावं, फार तर 'गाव' म्हणावं.

1,700च्या आसपासचा आकडा बरोबर आहे, फक्त तो काय मोजतो ते बघा. दहा हजारांहून कमी वस्तीच्या कम्यूनमध्ये घरोघरी गणना पाच वर्षांतून एकदा होते आणि माणूस जिथे नेहमी राहतो तिथेच धरला जातो. लिऑनच्या कुटुंबाचं इथे सुट्टीचं घर असलं तरी ती माणसं लिऑनच्या खात्यात. फेब्रुवारीत स्कीसाठी येणारी गर्दी या आकड्यात कुठेच नसते, आणि बातमीदार नेमका तेव्हाच जातो. मग त्याला शहर दिसणारच.