लहान युनिटला लेड-फ्री सोल्डर परवडतं का, आणि 'आरओएचएस' छापलं म्हणजे माल बिनविषारी झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला शेड घेतली आहे, एलईडी दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारं सर्किट) जोडायचं काम सुरू करणार आहात, सोल्डरिंग हातानंच होणार. शिशाचं सोल्डर खूपच स्वस्त मिळतं, मग लेड-फ्रीची, म्हणजे बिनशिशाच्या सोल्डरची, सक्ती आहे का? आणि खोक्यावर 'आरओएचएस' (घातक पदार्थांवरच्या मर्यादेचा नियम पाळल्याची खूण) छापायला नेमकं काय लागतं? मी याच पट्ट्यात पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंब्लीची प्रोसेस आणि क्वालिटी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवसापासून लेड-फ्रीच करा, हे माझं ठाम मत आहे. कायद्यानं बघायला गेलात तर तुम्हाला पळवाट सापडेल. युरोपनं १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या सहा पदार्थांवर मर्यादा घातली: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (कामावर आम्ही क्रोम सिक्स म्हणतो) आणि प्लॅस्टिक पेटू नये म्हणून घालतात त्यातली ब्रोमीनची दोन कुळं, पीबीबी आणि पीबीडीई. जुलै २०१९ पासून तिकडं चार थॅलेट्सही आले. पीव्हीसी वायर मऊ राहावी म्हणून ते वापरतात. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ साली निघाले आणि त्यातली या सहा पदार्थांची अट १ मे २०१४ पासून लागू झाली. सध्या २०२२ चे नियम चालू आहेत, थॅलेट्स त्यांत नाहीत. आणि हे नियम सूक्ष्म उद्योगांना लागू नाहीत. आजच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. तुम्ही बहुधा त्यातच बसाल.

तरीही करा म्हणतो, कारण तुमचा दिवा जळाला की शेवटी भंगारात जाणार. तिथं कुणीतरी बोर्ड शेगडीवर तापवून सुटे भाग झटकून काढणार, बऱ्याचदा घरासमोरच, पोरंबाळं आसपास असताना. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात म्हणून तुमच्या बोर्डातलं शिसं कमी विषारी होत नाही. शिवाय उद्या मोठा ब्रँड तुमच्याकडून माल करून घ्यायला आला की पहिल्याच बैठकीत मालात हे पदार्थ मर्यादेत असल्याचं लेखी डिक्लरेशन मागतो. तेव्हा लाइन बदलायला बसाल तर खर्च दुप्पट होईल.

आता छापायला काय लागतं. मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे, कॅडमियमला त्याहून कडक, ०.०१ टक्का. हे टक्के अख्ख्या दिव्याच्या वजनावर मोजत नाहीत, आणि इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो. दिव्यातला प्रत्येक एकजिनसी पदार्थ वेगळा धरायचा: वायरचं तांबं वेगळं, तिचं आवरण वेगळं, स्क्रूचं लोखंड वेगळं आणि त्यावरचा प्लेटिंगचा थरही वेगळा. म्हणजे शंभर ठिकाणी लेड-फ्री वापरलं आणि रिपेअर करताना एकच टाका जुन्या ६३-३७ सोल्डरनं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) मारला, तर त्या टाक्यात ३७ टक्के शिसं आहे, मर्यादेच्या ३७० पट. तो दिवा तिथंच नापास.

सोल्डरवर सगळ्यांचं लक्ष असतं. माल फसतो तो बाकीच्या भागांत, आणि कोल्हापुरात तर जास्तच, कारण हे भाग आपल्याला हाकेच्या अंतरावर मिळतात. ब्रॅकेट आणि स्क्रू घ्या. झिंक प्लेटिंगवर सोनेरी-पिवळी झाक दिसते ना, ते यलो पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा वरचा थर, पारंपरिक पद्धतीनं क्रोम सिक्समध्येच होतं. क्रोम सिक्सनं कॅन्सर होतो, आणि प्लेटिंगच्या टाकीवर उभा राहणारा कामगार तो रोज श्वासातून घेतो. याला ट्रायव्हॅलंट क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या दुसऱ्या रूपाचा, पर्याय आहे. प्लेटिंगवाल्याला नुसतं 'आरओएचएस करून द्या' म्हणू नका, ऑर्डरवरच 'ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन' असं लिहून द्या. रंग बघून ओळखायला जाऊ नका, कारण ट्रायव्हॅलंटमध्येही पिवळा रंग देता येतो. एक्सआरएफची बंदूक (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) लावली तरी ती फक्त एकूण क्रोमियम दाखवते, कुठल्या रूपातलं ते सांगत नाही. त्यासाठी स्क्रू पाण्यात उकळून त्या पाण्यात डायफिनाइल कार्बाझाइड टाकतात. गुलाबी-जांभळा रंग चढला की क्रोम सिक्स आहे. आमच्याकडे 'ट्रायव्हॅलंट' म्हणून आलेला एक लॉट याच चाचणीत गुलाबी झाला आणि आख्खा परत गेला. ब्रोमीनचंही तसंच. बंदूक ब्रोमीन दाखवते, पण तो बंदी असलेल्या कुळातला आहे की साध्या पीसीबीत सर्रास असलेल्या दुसऱ्या प्रकारातला, हे लॅबच सांगते.

उद्यमनगरातून पितळी टर्मिनल वळवून आणणार असाल तर निर्धास्त राहा. वळायला सोपं जावं म्हणून पितळात शिसं घालतात आणि तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे. ॲल्युमिनियमला मात्र ०.४ टक्क्याचीच सूट आहे. हीटसिंक भंगार वितळवून ओतलेले असतील तर शिसं त्याच्या वर जाऊ शकतं, म्हणून फाउंड्रीकडून प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे त्यात कुठला धातू किती याचा तपासणी अहवाल, मागा. आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांना तो काही नवा नाही.

वायरीही हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्सनं सोनीचे १३ लाख प्लेस्टेशन अडवले होते, ते त्यांच्या केबलमध्ये कॅडमियम सापडलं म्हणून. एवढी मोठी कंपनी, आणि अडकली पुरवठादाराच्या वायरीत! ज्याच्याकडे मटेरियल डिक्लरेशन आणि चालू वर्षाचा लॅब रिपोर्ट नाही, त्याची वायर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

सोल्डरच्या खर्चाचं बघू. तुम्हाला ज्याचा भाव सांगितला गेला असेल ते बहुधा सॅक ३०५ असणार: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. महाग आहे ते त्या चांदीमुळे. एलईडी ड्रायव्हरच्या हातकामाला चांदीची गरज नाही. ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असलेली वायर घ्या, ती बरीच स्वस्त पडते. ती २२७ अंशांना वितळते, जुनं ६३-३७ सोल्डर १८३ लाच. या फरकामुळं सोल्डरिंगची जुनी कमी वॅटची इस्त्री चालणार नाही, तापमान नियंत्रित स्टेशनच लागेल, आणि बिटही लवकर झिजतील. हा खर्च आधीच धरा. टाका थोडा मंद, दाणेदार दिसतो. चकचकीत टाक्याची सवय असलेला तपासनीस चांगला माल बाजूला काढत बसेल, म्हणून त्याच्या टेबलावर पास आणि नापास नमुने चिकटवून ठेवा.

कुणीतरी तुम्हाला कथील-बिस्मथ सुचवेल, कारण ते १३८ अंशांनाच वितळतं. त्याची शिशाशी गाठ पडली तर टाक्याचा काही भाग ९६ अंशांनाच वितळतो, आणि बंद फिटिंगमधला ड्रायव्हर चांगलाच तापतो. एलईडी बिस्मथनं बसवलेले आणि दुरुस्ती शिशानं, असं झालं की दिवे गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन बंद पडतात. म्हणून युनिटमध्ये शिशाची वायरच ठेवू नका, अगदी रिपेअरच्या टेबलावरसुद्धा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. आरओएचएस वस्तूत काय उरलं ते मोजतं. वस्तू बनवताना कामगाराच्या अंगात काय गेलं, ते मोजत नाही. चीनमधल्या सुझोऊच्या विंटेक कारखान्यात ॲपलसाठीचे टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरलं, का तर ते लवकर उडतं. १३७ कामगारांना बाधा झाली. नसा निकामी होऊन हातपाय बधिर पडले. स्क्रीनवर हेक्झेनचा मागमूसही उरत नव्हता, म्हणजे पदार्थांच्या तपासणीत माल स्वच्छच. ॲपलनं अंतिम जुळणीत बेंझिन आणि एन-हेक्झेन वापरायला बंदी घातली ती २०१४ मध्ये.

तुमच्याकडे हे घडू शकतं ते बोर्ड पुसायच्या थिनरनं. थिनर म्हणून मिळणाऱ्या डब्यात टोल्युइनपासून काहीही असू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, सेफ्टी डेटा शीट (डब्यात काय आहे आणि त्याचा धोका काय ते सांगणारा कागद) घेऊनच डबा आत येऊ द्या, आणि अल्कोहोलही पेटतं म्हणून इस्त्रीपासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा.

धुराबद्दलही एक गैरसमज आहे. सोल्डरचा पांढरा धूर शिशाचा नसतो, तेवढ्या उष्णतेत शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट चिकटावं म्हणून त्यात असलेल्या पदार्थातल्या) राळेचा धूर असतो आणि त्यानं दमा जडतो. लेड-फ्रीला उष्णता जास्त लागते, म्हणून धूरही वाढतो. म्हणजे लेड-फ्री केलं तरी धुराचा प्रश्न सुटत नाही. छताच्या पंख्यानं तो धूर शेजारणीच्या तोंडावर जातो. प्रत्येक जागेवर टाक्याजवळच धूर ओढून घेणारा पाइप बसवा, बाहेर सोडणारा किंवा फिल्टरचा. एवढ्या भांडवलात नाही बसत म्हणाल, तर दोन जागा कमी करून सुरू करा, पण पाइपाशिवाय कुणाला बसवू नका.

शिसं पोटात जातं ते हातावाटे. तुमच्याकडे शिसं नसलं तरी दुरुस्तीला आलेल्या जुन्या बोर्डांवर ते असतंच, म्हणून जेवणाची जागा वेगळी आणि डबा उघडण्याआधी साबणानं हात धुणं हा नियम सगळ्यांना लावा, स्वतःलाही. सोल्डरचा ड्रॉस (वितळलेल्या सोल्डरवर जमणारा मळ) आणि बाद बोर्ड फेरीवाल्या भंगारवाल्याला घालू नका, अधिकृत रिसायकलरलाच द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे, तिथं त्यांची यादी मागा. लेड-फ्रीचा ड्रॉस वेगळ्या डब्यात ठेवलात तर त्यात कथीलच कथील असतं, त्याला भावही चांगला येतो.

प्लेटिंगच्या ऑर्डरवर आणखी काय लिहावं हे विचारायचं असेल तर खाली स्क्रूचा साइज आणि दिवा घरात लागणार की उघड्यावर ते सांगा, तसं लिहून देतो.