मुंबई-पुणे सोडून कोल्हापूर? आधी घरभाड्याचा हिशेब, मग नदीचा

शहर बदलण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच आज घेतो. कुणी ठाण्या-डोंबिवलीहून कोल्हापूरला यायला निघालंय, तर कुणी इथून पुण्याला. सगळ्यांना एक गोष्ट आधीच सांगतो. लहान शहरात स्वस्त मिळतं ते मुख्यतः घर. बाकीचा खर्च वाटतो तेवढा उतरत नाही आणि उत्पन्न मात्र सहज उतरतं. त्यामुळे ‘तिकडे किती स्वस्ताई आहे’ यापेक्षा ‘तिकडे माझ्या हातात काय उरेल’ हे आधी विचारा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हातात महिन्याला १ लाख २० हजार येतात आणि कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आहे. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिला ६५ हजार मिळतात. ठाण्यात घरभाडं ४२ हजार आणि मुलीच्या पाळणाघराचे १४ हजार जातात. माझे आईवडील कोल्हापुरात असतात, पण त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे. तिकडे आलो तर वर्षाला पाच लाख वाचतील असं मला वाटतं. हिशेब बरोबर आहे का?

अर्धाच बरोबर आहे. राजारामपुरी किंवा आर. के. नगरच्या बाजूला दोन बेडरूमचा बरा फ्लॅट १७ हजारांत मिळाला असं धरू. भाड्यात २५ हजार वाचले. मुलीला आजी-आजोबांनी सांभाळलं तर १४ हजार वाचले. महिन्याला ३९ हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ६८ हजार. तुमचे पाच लाख इथून आले असणार.

आता तुमच्या पत्नीचे ६५ हजार घ्या. इथल्या खासगी रुग्णालयात पहिल्या वर्षी त्यांना ३५ हजार मिळाले असं समजू. महिन्याला ३० हजार गेले. उरले ९ हजार. इथे लोकल नाही आणि केएमटीच्या बसवर नोकरीच्या वेळा सांभाळणं अवघड, म्हणजे दोन दुचाक्या आणि पेट्रोल आलं. महिन्यातून एकदा ऑफिसला बोलावलं तर तो प्रवास आला. ते ९ हजारही उरणार नाहीत. थोडक्यात, तुमची पाच लाखांची बचत तुमच्या पत्नीच्या पगारातून येते आहे. आणि त्यांना काय वाटतं, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

फिजिओथेरपीला इथे काम नाही असं नाही. घरी जाऊन उपचार देणाऱ्यांची गरज आहे आणि अस्थिरोग तज्ज्ञांशी चांगली ओळख झाली तर स्वतःची ओपीडी उभी राहते. पण त्याला वेळ लागतो. त्यांनी आधी एकट्याने पंधरा दिवस इथे यावं, डॉक्टरांना भेटावं, जागांची भाडी विचारावीत. ओपीडी चालेपर्यंत एक वर्षाचा खर्च बाजूला काढा आणि तो ‘घरखर्च’ न म्हणता ‘तिच्या व्यवसायाचं भांडवल’ म्हणून वहीत लिहा. नावाने फरक पडतो, कारण मग तो पैसा दुसरीकडे वळवला जात नाही.

विमा, मोबाइल, पेट्रोल, ऑनलाइन मागवलेलं सामान, मुलांच्या क्लासची फी यांच्यात गाव बदलल्याने मोठा फरक पडत नाही. जुन्या करपद्धतीत असाल तर भाडं उतरल्यावर घरभाडे भत्त्याची सूटही घटते. नव्या पद्धतीत ही सूटच नाही, त्यामुळे तिथे हा मुद्दा सोडून द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरून काम करण्याची परवानगी तोंडी आहे की लेखी? कोल्हापूरचा पत्ता दिल्यावर पगार बदलेल का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या. साहेब बदलला की तोंडी परवानगी संपते. घरी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर हवाच. पावसाळ्यात त्याशिवाय तुमची नोकरी टिकणार नाही.

हे सगळं जमलं तर या, जरूर या. पाच लाख वाचणार नाहीत, पण मुलगी आजी-आजोबांजवळ वाढेल आणि तुमच्या पत्नीचे रोजचे प्रवासाचे तास वाचतील. हे कमी नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून एप्रिल-मेमध्ये हला. पहिले अकरा महिने भाड्यानेच राहा. जून ते सप्टेंबर इथे काढल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात येतंच आहे. आणि आईच्या गुडघ्यांना दिवसभर लेकरामागे धावणं झेपेल का, हे फोनवर विचारू नका. फोनवर कुठलीही आजी ‘हो’च म्हणते.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत, वय ६४ आणि ६१. डोंबिवलीचा वन-बीएचके विकून कोल्हापुरात छोटा बंगला बांधायचा विचार आहे. माझं बालपण शिवाजी पेठेत गेलं. मुलगा बंगळूरला असतो. पाचगाव आणि नदीच्या बाजूला, असे दोन प्लॉट पाहिले आहेत. कोणता घ्यावा?

काका, आत्ता कुठलाच नाही.

नदीकडच्या प्लॉटचं आधी बघू. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि शहराचा बाहेरशी संबंध तुटला होता. तुम्ही पेठेत वाढलात, पूर पाहिलेला आहे. पण तुमच्या लहानपणी जिथे शेतं होती तिथे आज कॉलन्या आहेत. ‘इथं पाणी येत नाही’ हे एजंटचं वाक्य ऐकून व्यवहार करू नका. नगररचना कार्यालयात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचारच नको. दोन रेषांच्या मध्ये बांधकामावर अटी असतात, आणि दोनच वर्षांच्या अंतराने असे दोन पूर आल्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर मी तरी म्हातारपणाची पुंजी लावणार नाही. नकाशा बघून झाला की त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठवर होतं?’ तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

पाचगाव उंचावर आहे, तिथे पुराची भीती नाही. तिथले प्रश्न वेगळे. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशी लगतची गावं शहरासारखी दिसत असली तरी तिथे ग्रामपंचायत आहे. पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं, टँकर लागतो का, हे शेजाऱ्यांना विचारा. शहराला काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ मध्ये मिळालं, पण शहराला पाणी आलं म्हणजे तुमच्या प्लॉटला आलं असं नाही. कागदांत बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता कुणाच्या नावावर आहे हे तपासा. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं आणि त्यात तुमचं एका गुंठ्यापुरतं, असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. जमिनीची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या.

डोंबिवलीचं घर लगेच विकू नका. वर्षभर ते भाड्याने द्या आणि त्या भाड्यावर इथे भाड्याने राहा. विकल्यावर झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत बांधावं लागतं, आणि विवरणपत्र भरेपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. एकदा विकलं की ही मुदत मागे लागते आणि घाईत चुकीचा प्लॉट घेतला जातो. कर किती बसेल हे सीएकडून आधीच काढून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के सरसकट किंवा खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, यांतला कमी पडेल तो पर्याय घेता येतो. जुन्या घरांना कधीकधी दुसरा पर्याय फायद्याचा पडतो.

आणि बंगलाच का? हे मला तुम्हाला मनापासून विचारायचं आहे. सत्तरी ओलांडल्यावर अंगण झाडायला, टाकी धुवायला, रात्री आवाज आला तर उठायला कोण आहे? मुलगा बंगळूरला, म्हणजे हायवेने सहाशे किलोमीटर. तुम्हाला पेठेची आठवण येते आहे, आणि ती पेठ बाहेरच्या बंगल्यात मिळणार नाही. ती मिळेल रंकाळ्यावर रोज चालत जाता येईल अशा फ्लॅटमध्ये, लिफ्ट असलेल्या इमारतीत, जिथून भाजी, डॉक्टर आणि तालमीतले जुने मित्र पायी गाठता येतात. आरोग्य विमाही बघून घ्या. काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या झोननुसार ठरतो. इथल्या पत्त्यावर कमी हप्त्याची पॉलिसी घेतली आणि उद्या ऑपरेशन मुंबईत करावं लागलं, तर बिलाचा काही भाग खिशातून द्यावा लागू शकतो.

प्रश्न : मी मुंबईत एका सीनियरकडे पाच वर्षं वकिली करते. घर गडहिंग्लजला. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यापासून आई परत ये म्हणते आहे. मुंबईत खोलीचं भाडं भरून हातात काही राहत नाही. यावं का?

ताई, तुमच्या फाइली कुठल्या आहेत त्यावर हे ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात येतात. या जिल्ह्यांतल्या जमिनीच्या, भूसंपादनाच्या, सेवाविषयक वादांच्या, जामिनाच्या, अपिलांच्या कामात तुमचा हात असेल तर ते काम आता इथे आहे आणि उच्च न्यायालयाची पद्धत आतून माहीत असलेल्या तरुण वकिलांना ही संधी दर पिढीला मिळत नाही. पण तुमचं काम ओरिजिनल साइडचं (थेट मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या दाव्यांचं), कंपन्यांचं, मुंबईच्या बिल्डर-सोसायट्यांचं असेल, तर ते तिथेच राहील आणि तुम्ही इथे पहिल्या पायरीपासून सुरुवात कराल.

सीनियरशी तुटून येऊ नका. या सहा जिल्ह्यांत त्यांची प्रकरणं असतील तर ‘इकडे मी उभी राहते’ असं त्यांना सुचवा. त्यांचाही प्रवास वाचतो. चेंबर दोघी-तिघींनी मिळून घ्या. आईच्या घरी राहून गडहिंग्लजहून रोज ये-जा करायचा विचार असेल तर तो करू नका, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कधी संपेल याचा भरवसा नसतो. कोल्हापुरातच खोली घ्या. मुंबईच्या मानाने ती परवडेल. वर्षभराचा खर्च हाताशी असेल तर या. नसेल तर आधी सहा महिने साठवा.

प्रश्न : मी शिरोलीत फौंड्रीत फेटलिंग सेक्शनला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या खात्यात, सुपरवायझर आहे. डिप्लोमा झालाय, वय २४, पगार हातात २२ हजार. चाकणला ३४ हजारांची ऑफर आहे. घरचे म्हणतात जा, मित्र म्हणतात पुण्यात काही उरत नाही. काय करू?

मित्रा, तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. हिशेब मांडू. आज घरी दहा हजार देतोस असं धरतो, पेट्रोलला अडीच हजार, उरतात साडेनऊ. चाकणला खोलीतला वाटा आणि वीज मिळून साडेपाच हजार, मेस साडेचार, नाश्ता-चहा दोन, तिथला प्रवास दीड, महिन्यातून दोनदा गावी येणं दोन, किरकोळ एक. साडेसोळा झाले. उरले साडेसतरा. घरी दहा दिल्यावर साडेसात. पगार बारा हजारांनी वाढला आणि शिल्लक दोन हजारांनी घटली. एवढ्यापुरतं तुझ्या मित्रांचं बरोबर आहे.

पण चोवीसाव्या वर्षी शिल्लक बघून निर्णय घेऊ नये. काम काय आहे ते बघ. चाकणलाही ठेकेदाराच्या हाताखाली तेच कास्टिंग घासायचं असेल तर इथेच राहा, तुझी झोप तरी होईल. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, पीएफ कुणाच्या नावाने भरला जाणार, हे पहिलं विचार. काम क्वालिटीचं असेल, पुरवठादारांकडचा माल तपासायचं असेल, तर डोळे मिटून जा. उद्यमनगरात ऑईल इंजिनांपासून सुरू झालेला आपला धंदा आज वाहन उद्योगाच्या ऑर्डरींवर उभा आहे आणि ती गिऱ्हाइकं चाकणच्या पट्ट्यात बसली आहेत. कास्टिंग परत का येतं, ब्लो-होल (ओतताना हवेने पडलेलं भोक) किती चालतो, ऑडिटला काय बघतात, हे त्यांच्या बाजूने तीन वर्षं शिकलेला माणूस शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठेही परत आला तरी त्याला मेथडिंग (ओतकामाची पद्धत आखणं) किंवा क्वालिटीत चांगली जागा मिळते. जायचं ते परत येताना काय घेऊन येणार हे ठरवून. आणि घरच्यांशी आधीच बोल, पहिलं वर्ष दहाऐवजी सहाच हजार पाठवीन म्हणून. उसनं काढून पाठवू नकोस.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत राहतो. तीन मजली घर आहे, वरचे दोन मजले रिकामे. मुलगा-सून मुंबईत भाडं भरतात. मुलगा यायला तयार आहे, सून नको म्हणते. तिला समजेल असं काही लिहा.

काकू, तिला मी लिहिणार नाही, तुम्हालाच लिहितो. ती नको म्हणते ते कोल्हापूरला की एका घरात राहण्याला, हे तिला विचारलंत का? तिची नोकरी जाणार असेल तर पहिल्या उत्तरातला हिशेब तुमच्या घरालाही लागू आहे. वाचलेल्या भाड्यापेक्षा तिचा पगार मोठा असेल तर ती हिशेबाने बोलते आहे, हट्टाने नाही. आणि अडचण एकत्र राहण्याची असेल तर वरच्या मजल्याला वेगळं स्वयंपाकघर आणि बाहेरून जिना करता येईल का ते गवंड्याला विचारा, पण तिच्याशी बोलून झाल्यावर. मे महिन्यात दोघांना या म्हणा आणि तिला पाहुणीसारखं न वागवता तिचं काम करू द्या.

तरीही ती नाही म्हणाली तर मजले रिकामे ठेवू नका. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने भाड्याने द्या. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, म्हणजे तुमची, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या. आलेलं भाडं मुलाच्या मुंबईतल्या भाड्याला हातभार म्हणून देता आलं तर बघा.